आयर्लंडमधला एक ठिपका

माणूस भेटला की मी आधी आडनाव विचारते, नाव नंतर. ही खोड बाबांची. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यांनी एकहाती केला. आमच्या आडनावाची जेवढी म्हणून घरं असतील तेवढी शोधून काढायची, प्रत्येकाचं मूळ गाव, पत्ता, मुलाबाळांची नावं, जन्मसालं गोळा करायची आणि सगळं एका जाडजूड पुस्तकात छापायचं. माझ्या शाळेच्या उन्हाळी सुट्ट्या चिंचवडच्या दोन खोल्यांत उत्तरासाठीच्या जोडकार्डांवर पत्ते लिहिण्यात गेल्या. टेलिफोन डिरेक्टरीत आमचं आडनाव दिसलं की बाबा त्या अनोळखी माणसाला बेधडक पत्र टाकायचे, आणि तोही तितक्याच बेधडकपणे अख्ख्या खानदानाची माहिती उलटटपाली पाठवायचा. नको म्हणणारा एकही आठवत नाही. उलट नोंद राहून गेली म्हणून रुसलेले काका आठवतात.

अशा घरातल्या मुलीनं लिहिलेल्या या आठवणीत एकही नाव किंवा आडनाव येणार नाही. ते का, तेच सांगायला बसले आहे.

आम्ही शॅननला राहतो. नवरा इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, मी जवळच्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात. हे गावच मुळात विमानतळासाठी आणि कारखान्यांसाठी वसवलेलं, त्यामुळे निम्मे लोक बाहेरून आलेले. मला असं गाव फार आवडलं. प्रत्येकाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारायची सोय. फक्त उलट कोणी विचारत नसे. ऑफिसात माझं आडनाव दिसलं की लोक हसून म्हणायचे, “हे काही मला जमायचं नाही.” प्रयत्नसुद्धा करायचे नाहीत. पाच अक्षरांचं आडनाव, जमायला काय झालं! मी मूळची तापट. या एका वाक्यावरून मी किती जणांशी मनातल्या मनात भांडले असेन, सांगता येत नाही.

२०२० च्या सुरुवातीला, सगळं बंद होण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी, शेजारच्या घरात एक इंग्लिश बाई राहायला आली. सोबत सात वर्षांची मुलगी आणि दोन सुटकेसा. बाई साधारण माझ्याच वयाची. लवकरच दोन किलोमीटरच्या आत राहायचा हुकूम आला आणि मागच्या अंगणातली कमरेएवढी भिंत हेच आमचं एकमेकींना भेटायचं ठिकाण झालं. ती तिच्या बाजूला चहाचा मग घेऊन, मी माझ्या. मुलीला माझे पोहे आवडायचे. ते बशीत घालून मी भिंतीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायची.

एकदा पोस्टमननं तिचं पार्सल आमच्याकडे ठेवलं. त्यावर मी तिचं आडनाव पहिल्यांदा वाचलं. असलं आडनाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि न ऐकलेलं आडनाव म्हणजे मला मेजवानीच. पार्सल देताना मी विचारलंच. तिनं खोका असा धरला की पत्त्याची बाजू तिच्या पोटाशी गेली. तेव्हा ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

“वडिलांकडचं आहे,” ती म्हणाली. “मध्ये काही वर्षं नवऱ्याचं लावत होते. आता परत माझं घेतलं.”

“कुठलं म्हणायचं मग हे?”

यावर मात्र ती खुलली. उत्तर इंग्लंडातल्या एका डोंगरावर एकच वाडी होती, तिचं हे नाव. त्या वाडीवरून खाली कापडगिरण्यांत कामाला उतरलेले सगळे एकमेकांचे कोणीतरी लागायचे. “बाबा म्हणायचे, जगातले आपण सगळे मिळून एका बसमध्ये मावू, आणि तरी एखादी खिडकी रिकामी राहील.” हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. वडील जाऊन दोनच वर्षं झाली होती. मी तिथेच ठरवलं की हिला हिची माणसं शोधून द्यायची.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं, या वेळी पाच किलोमीटर. घरून काम, चार वाजल्यापासून अंधारायला लागलेलं, आणि मी इरेला पेटलेली. जुन्या जनगणनांवरून केलेले आडनावांचे नकाशे इंटरनेटवर मिळतात. तिचं आडनाव टाकलं तर एका खोऱ्यावर गडद डाग, शेजारच्या दोन गिरणगावांवर फिकट, आणि बाकी सगळं इंग्लंड कोरं. आयर्लंडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या याद्या इथे कोणालाही फुकट पाहता येतात, त्यात एकही घर नाही. मग मला त्या आडनावाच्या लोकांचा एक मंच सापडला. तो एक निवृत्त शिक्षक चालवत होते. माणूस अगदी आमच्या बाबांच्या जातकुळीचा. आज हयात असलेल्या प्रत्येक घराचा त्यांनी नकाशावर लाल ठिपका केला होता. आयर्लंडमध्ये एकही नव्हता.

मी टोपणनावानं लिहिलं, ‘शॅननला माझ्या शेजारी या आडनावाची एक बाई आणि तिची मुलगी राहते.’ त्या शिक्षक आजोबांचं उत्तर तासाभरात आलं. आनंद ओसंडून चालला होता. दुसऱ्या दिवशी नकाशावर शॅननला ठिपका उमटला. तो पाहून मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, बाबा असते इथे तर म्हणाले असते, शाब्बास.

आठवड्याभरात आणखी एक जण आला. आपण याच आडनावाचे, त्याच खोऱ्यातले, म्हणाला. चुलतबहीण लेकीला घेऊन आयर्लंडला गेली आणि घरात वाद झाल्यामुळे संपर्क तुटला. आता वडीलधारी मंडळी थकली आहेत, नाताळला सगळं मिटवायचं आहे. मुलगी आता सात वर्षांची असेल ना? तिच्या हनुवटीवर लहानपणची एक खूण होती, ती गेली का?

मी लिहिलं, ‘खूण आहे अजून, पण हसली की दिसत नाही.’

हे वाक्य मी लिहिलं. कोणी माझ्याकडून लिहवून घेतलं नाही. त्यानं पत्ता मागितला, नाताळचं कार्ड पाठवून बहिणीला चकित करायचं आहे, तेवढं तिला सांगू नका म्हणाला. मी घर क्रमांकासकट पत्ता दिला. आमच्याकडे भावकीतलं दुरावलेलं माणूस पत्ता मागतं तेव्हा आपण देतो. बाबांनी असे किती पत्ते दिले असतील!

नाताळच्या तीन-चार दिवस आधी मी आजोबांचा नकाशा छापून, चौकटीत बसवून तिच्या दारात उभी राहिले. तिनं कागद सोडवला. आधी खोरं पाहिलं, हसली, वाडीच्या जागेवर बोट ठेवलं. मग बोट समुद्र ओलांडून पश्चिमेला आलं आणि शॅननच्या ठिपक्यावर थांबलं.

“हा कोणी केला?”

मी कौतुकानं सगळं सांगितलं. मंच, आजोबा, आणि चकित करण्याची गंमत मोडायला नको म्हणून चुलतभावाबद्दल फक्त एवढंच की, “नाताळला एक आनंदाची बातमी आहे.” तिनं माझा फोन मागितला. मागितला कसला, हातातून घेतलाच. दोन मीटरचं अंतर त्या दिवशी पहिल्यांदा मोडलं. ती वाचत गेली. हनुवटीच्या ओळीशी आल्यावर तिनं मुलीला हाक मारून आतल्या खोलीत जायला सांगितलं.

“मला चुलतभाऊ नाही,” ती म्हणाली. “ती खूण त्यानंच केलेली आहे.”

मग तिनं दार लावलं. आपटलं नाही. आतून साखळी लावल्याचा आवाज आला, मग कडी, मग जिन्याखालचं काहीतरी जड ओढून दाराशी आणल्याचा. नकाशा पायरीवरच राहिला होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो प्रेसमधून बरण्या काढत होता. आम्हीही आता कपाटाला प्रेसच म्हणतो. “अगं यार,” तो म्हणाला, “मतलब, तू घर नंबर पण दिलास?” मी त्याच्यावर जोरात ओरडले. चूक त्याची नव्हती. मला ओरडायला दुसरं कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात ब्रिटनहून येणारी विमानं थांबली. विषाणूचा नवा प्रकार आला होता. अख्खा देश हळहळत होता, लेकरं लंडनला अडकली म्हणून माणसं टीव्हीवर रडत होती. मी मात्र गॅससमोर उभी राहून देवाचे आभार मानले. गार्डांकडे म्हणजे इथल्या पोलिसांकडे जाऊन मी माझी जबानी दिली. तिथला गार्डा तरुण होता, शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, “यू आर ग्रँड,” म्हणजे इकडच्या भाषेत काळजी नको, “पिवळी पाटी दिसली तर लगेच फोन करा.” ब्रिटनच्या गाड्यांची मागची पाटी पिवळी असते, आयर्लंडच्या गाड्यांची पांढरी. मी मंचावरचं माझं खातं काढून टाकलं. ठिपका आजोबांच्या नकाशावर होता, तो माझ्या हातात नव्हता. आणि ज्यानं पाहायचं त्यानं पाहिलंच होतं.

जानेवारीभर ती माझ्याशी बोलली नाही. मी कामाचं टेबल रस्त्याकडच्या खिडकीत आणलं. मीटिंग चालू असताना माझं अर्धं लक्ष पाट्यांकडे असे. पांढरी, पांढरी, पांढरी. आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे टॅक्सी, त्यात घाबरण्यासारखं काय असतं? मी मात्र कोणी पिवळा रेनकोट घालून गेलं तरी खुर्चीतून उठायची. पोहे भिंतीवर ठेवले तर बशी तशीच्या तशी परत मिळे.

फेब्रुवारीत ती आपणहून भिंतीशी आली. हातात एक पाकीट. नाताळचं कार्ड, उशिरा पोचलेलं. वर बर्फातल्या डोंगराचं चित्र आणि आत एकच ओळ, ‘सगळं उघडलं की भेटू.’ सही नाही.

त्या वर्षी जो तो हेच लिहीत होता. माझ्या आत्यानं कराडहून हेच लिहिलं होतं, ऑफिसच्या शुभेच्छापत्रावर हेच छापलं होतं. गार्डांना दाखवलं तर तेही म्हणाले, नोंद करून ठेवू, पण या ओळीत गुन्हा कसा दाखवायचा?

“मला तुझा भयंकर राग आलाय, लव्ह,” ती म्हणाली. तिकडचे लोक सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. “पण या रस्त्यावर माझ्यासाठी खिडकीत बसणारी तू एकटीच आहेस.”

मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं. तिनं मुद्द्याचं काढलं. तिला दुसरीकडे जायचं होतं, पण पाच किलोमीटरच्या हुकुमात घर पाहायला जाणार कशी? आणि गेली तरी ते आडनाव बरोबर येणार. “सामान्य आडनाव असतं ना, तर मी लंडनमध्येसुद्धा लपले असते. हे आडनाव असं आहे की इंटरनेटवर एकदा टाकलं की मीच निघते.” एका बसमधली सगळी माणसं चेहऱ्यानं ओळखता येतात, तसं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. बाकीचे उघडण्याची वाट पाहत होते आणि आम्ही दोघी धास्तीनं तेच दिवस मोजत होतो. एप्रिलमध्ये थोडी मोकळीक झाली. मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली. आमच्या रस्त्यावर लोकांनी खुर्च्या बाहेर काढल्या, पलीकडच्या घरातलं जोडपं गाडी भरून समुद्रावर गेलं. ती त्याच दिवशी मुलीला घेऊन घर पाहायला गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही हे मी जीभ चावून शिकत होते. एका संध्याकाळी धावपट्टीकडून विमानाचा आवाज आला. मुलगी ‘प्लेन! प्लेन!’ करत अंगणात धावली, आणि आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना नुसत्या उभ्या राहिलो.

जूनमध्ये तिनं मला वकिलाकडे नेलं. आडनाव बदलायचं तर इथे एक दस्त करावा लागतो. ‘हे आडनाव मी कायमचं सोडत आहे’ असं लिहून सही करायची, आणि आपल्याला ओळखणारा एक साक्षीदार आणायचा. मुलीच्या कागदांचं वकीलबाई कोर्टातून पाहणार होत्या.

“साक्षीला मी?” मी म्हटलं. “मी केलं हे सगळं.”

“हे आडनाव काय आहे ते इथे दुसऱ्या कोणाला माहीत आहे?”

नवं आडनाव तिनं या देशातलं अगदी ढिगानं सापडणारं निवडलं होतं. नकाशावर टाकलं तर सगळं आयर्लंड भरून जाईल असं. सही करताना तिचा हात जुन्या वळणानं जुनंच आडनाव लिहायला गेला, पहिलं अक्षर लिहून झालं. वकीलबाईंनी नवा कागद काढला. खाली मी माझी सही केली, पाचही अक्षरं, बाबांनी ज्याच्यासाठी आयुष्य घातलं ते आडनाव. मला वाटत होतं, मी कोणाच्या तरी बापाचं घर मोडायला साक्ष देतेय. बाहेर येऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “बाबा असते तर त्यांनीच पेन हातात दिलं असतं.” तिनं मला माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी त्या दोघी गेल्या. जाताना मुलीनं पोह्यांची बशी धुऊन भिंतीवर ठेवली होती.

तो जुलैत आला. परदेश प्रवास खुला झाला त्याच्या पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास. मी मीटिंगमध्ये होते. गाडी वळली, पाठमोरी झाली, आणि मागची पाटी पिवळी. मी हेडसेट काढून टेबलावर ठेवला.

इतके महिने मी कोणी राक्षस येईल म्हणून बसले होते. हा नीटनेटका माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, हातात भेटवस्तूची पिशवी. त्यानं शेजारची घंटा वाजवली, खिडकीतून आत पाहिलं. घर रिकामंच होतं, नवे भाडेकरू यायचे होते. मग तो पलीकडच्या घरी गेला. ते जोडपं कामावर. मग माझ्या दाराशी आला. मी नवऱ्याला आणि गार्डांना फोन करायला हवा होता, पण फोनचा पासकोड तीनदा चुकला. घंटा दुसऱ्यांदा वाजली तेव्हा मी मास्क लावला आणि दार उघडलं.

त्यानं अदबीनं नमस्कार केला आणि ते आडनाव उच्चारलं. अगदी बरोबर उच्चारलं. शेजारी राहायच्या ना?

आणि मी, जिला या आडनावाची वाडी, खोरं, दोन्ही गिरणगावं तोंडपाठ होती, मी मान हलवली. “सॉरी,” मी म्हटलं. चिंचवडचा असेल नसेल तेवढा हेल इंग्रजीत घातला. “तुमच्या लोकांची आडनावं मला सगळी सारखीच वाटतात.”

“एक बाई. लहान मुलगी आहे, हनुवटीवर खूण.”

“इथे पुष्कळ येतात, जातात. एअरपोर्ट. फॅक्टरी.”

“या रस्त्यावर कोणीतरी आहे. आडनावांच्या इतिहासाची आवड असलेलं. मला पत्र लिहिलं होतं.”

मी दाराची चौकट धरली. “हिस्टरी?” मी म्हटलं. “नो, नो. आम्ही कंप्युटर.”

तो हसला. ते हसणं मी ओळखत होते. ऑफिसातलंच हसणं होतं ते. “नाही, तुम्ही कशा असाल,” तो म्हणाला. मग त्यानं खिशातून छोटी वही काढली, घराचा नंबर लिहिला आणि माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचं पेन कागदावर टेकलं, थांबलं. “हे काही मला जमायचं नाही,” तो म्हणाला, आणि वही मिटून खिशात ठेवली.

त्या वाक्यावर मी इथे आल्यापासून चिडत आले होते. त्या सकाळी मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी दारातच खाली बसले. फोन उघडला, गार्डांना पाटीचा नंबर सांगितला. तिला मात्र कळवू शकले नाही. तिचा नवा नंबर माझ्याकडे नव्हता, मीच नको म्हटलं होतं. तिच्या वकीलबाईंना निरोप दिला.

संध्याकाळी मी आजोबांना लिहिलं. माझी मोठी चूक झाली, शॅननला या आडनावाचं कोणी नाही, कधीच नव्हतं, ती नोंद कृपा करून खोडा. ते हळहळले. आयर्लंडमधला तो एकुलता एक ठिपका त्यांना फार प्रिय होता, असं त्यांनी लिहिलं, आणि तुमच्यासारखी आपुलकीनं शोधणारी माणसं आता राहिली नाहीत, असंही. मी नकाशा उघडून पाहिला. इंग्लंडातलं ते एक खोरं लाल ठिपक्यांनी भरलेलं होतं आणि आयर्लंड पूर्ण कोरं. बाबांचा त्याच वेळी फोन आला. शेजारी नवीन कोणी आलं का, आडनाव काय त्यांचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, बाबा.